मधमाश्यांचं भाषण

मुलुंडच्या आमच्या चाळीत एकच रेडिओ होता आणि तो आमचा होता. ही माहिती मी शाळेत कोणी विचारलं नाही तरी देत असे. पन्नास सालानंतरची ती वर्षं. स्टेशनच्या पूर्वेला चार-दोन चाळी, त्यापलीकडे भाताची खाचरं आणि मग मिठागरं, एवढंच तेव्हाचं आमचं मुलुंड. संध्याकाळी वारा खाडीकडून यायचा आणि दोरीवरचे कपडे चिकट व्हायचे. करमणूक म्हणाल तर शेजाऱ्यांची भांडणं आणि आमचा रेडिओ. दोन्ही सगळ्यांना फुकट ऐकू येत.

सेट बाहेरच्या खोलीत फळीवर ठेवलेला होता. आईनं त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं होतं. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागे, मग हिरवा डोळा उजळायचा आणि खरखरीतून माणूस बोलायला लागायचा. त्या सेटला हात लावायचा हक्क फक्त अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. बटणं तेच फिरवायचे आणि कार्यक्रम चालू असताना सेटच्या डोक्यावर तळहात ठेवून शेजारच्या खुर्चीत बसायचे. आवाज चांगला मोठा असायचा. तळमजल्यावर भांडी घासणाऱ्या बायकांनासुद्धा गाणं ऐकू यावं म्हणून अण्णा मुद्दाम मोठ्यानं लावतात, असं सगळे म्हणत. अण्णांचा स्वभावच तसा उदार, असंही म्हणत. आम्हीही तेच समजत होतो.

अण्णा फोर्टातल्या एका ऑफिसात कारकून होते. घरात त्यांचं बोलणं मोजकं. 'हं' हा त्यांचा हुकमी शब्द. भाजी कुठली करू, 'हं'. धाकट्याला ताप आलाय, 'हं'. त्या एका अक्षरातून होकार, नकार, आश्चर्य आणि कंटाळा हे सगळं आपापल्या सोयीनं काढून घ्यायला आई शिकली होती. मला ते कधी जमलं नाही. मी वैतागायचे. इतक्या थंड माणसाच्या पोटी आपण कसे जन्मलो, असं मला वाटायचं.

पण रविवारी हाच माणूस वेगळा दिसायचा. रेडिओचे कार्यक्रम छापलेलं एक पाक्षिक आमच्याकडे यायचं. शनिवारी संध्याकाळी अण्णा लाल-निळी पेन्सिल घेऊन बसत आणि रविवारचा अख्खा दिवस चाळीत वाटून टाकत. सकाळच्या सभेतली, म्हणजे सकाळच्या प्रसारणातली, भजनं तीन नंबरच्या काकूंची. नाट्यसंगीत समोरच्या शिक्षिकाबाईंचं. मुलांचा कार्यक्रम तमाम पोरांचा, मात्र पाय धुऊन आत यायचं. दुपारचा कामगारांचा कार्यक्रम तळमजल्यावरच्या मिलवाल्यांचा. बाजारभाव कोणालाच नको असत, तेवढ्यात आई खोली झाडून घ्यायची. संध्याकाळी भाषण, मग बातम्या, मग शास्त्रीय गायन. पानाच्या कडेला खोल्यांचे नंबर लिहिलेले असायचे आणि ज्याची पाळी असेल त्याला पाच मिनिटं आधी गॅलरीतून हाक मारायचं काम माझं होतं. मी ते आनंदानं करायचे. माणसं पदर सावरत, बटणं लावत यायची, लग्नाला आल्यासारखी ओळीनं बसायची.

प्रत्येक कार्यक्रमाला अण्णांचा एकेक चेहरा ठरलेला होता. भजनाला डोळे मिटलेले. बातम्यांना कपाळावर आठी. नाट्यसंगीताला मान डोलायची, भाषणाला हनुवटी मुठीवर. कार्यक्रम संपला की ते दोन वाक्यांत अभिप्राय द्यायचे आणि लोक तो मानायचे. फक्त बातम्यांवर ते त्या दिवशी कधी बोलत नसत. कोणी विचारलंच तर म्हणायचे, 'बातमी रात्रभर मुरू द्यावी.' दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचून झाला की मग त्यांचं मत मिळायचं. याला लोक परिपक्वता म्हणत.

मी अठरा वर्षांची झाले, मॅट्रिक होऊन वर्ष झालं, आणि मला दाखवायचा कार्यक्रम ठरला. अण्णांच्या ऑफिसातले एक जण घाटकोपरला राहायचे, त्यांचा पुतण्या. मुलाला बँकेत नोकरी, उंची बरी, चष्मा. ते काका, काकू आणि मुलगा असे तिघं आले. पोहे झाले, मी काय शिकले ते विचारून झालं, विणकाम दाखवून झालं. मुलगा तसा वाईट नव्हता. मी खाली मान घालून, पण सगळं टिपत बसले होते.

मग जाताना काकू आईशी दोन शब्द बोलल्या आणि आईनं उत्तर दिलं. आई मालवणकडची. मुंबईत वीस वर्षं काढली तरी तिच्या तोंडातली मालवणी गेली नव्हती, मुलीला ती 'चेडू'च म्हणायची, आणि मन भरून आलं की तर ती शुद्ध मालवणीच बोलायची. तिच्या त्या वाक्यातला एक शब्द घाटकोपरच्या काकांनी उचलला, हेल काढून लांबवला आणि नाटकातल्या नोकरासारखा म्हणून दाखवला. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मुलगा चष्मा काढून हसला. आईनंही कसनुसं हसू आणलं.

आणि अण्णाही हसले. चांगले खदखदून हसले.

मला जे झालं ते आजही शब्दांत नीट सांगता येत नाही. परक्यांनी हसावं हे एक वेळ मी गिळलं असतं. पण स्वतःच्या नवऱ्यानं, पाहुण्यांच्या ओळीत बसून? पाहुणे गेल्यावर आई भांड्यांच्या घोळात मुद्दाम गुंतली. मी तिला म्हटलं, 'मला हा मुलगा नको.' ती म्हणाली, 'अगो, लोकां हसतत, हसांदेत. तेका काय झाला? मुलगो बरो आसा.' मी म्हटलं, 'नको म्हणजे नको.' तेव्हा तिनं हात पुसले आणि म्हणाली, 'मग बापाशीक सांग. माका सांगान काय होतला?'

बापाला सांगायचं म्हणजे कसं, याची आमच्याकडे रीत होती. मुलीनं लग्नाचा विषय वडिलांशी समोरासमोर काढायचा नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे उभं राहायचं, कडी हलकेच वाजवायची आणि बोलायचं. वडिलांनी बाहेर पाठ करूनच बसायचं, वळून पाहायचं नाही. माझ्या आत्या तसंच बोलल्या होत्या, आईही तिच्या माहेरी तसंच बोलली होती. यात लाजही राहायची आणि बोलणंही व्हायचं. मला ती रीत तेव्हा चुकीची वाटत नव्हती. उलट बरं वाटायचं की अण्णांचा चेहरा बघावा लागणार नाही.

पहिल्यांदा मी त्याच रात्री जेवणानंतर सांगितलं. कडी वाजवली, म्हटलं, 'अण्णा, मला ते स्थळ नको आहे.' बाहेरून काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा मंगळवारी. तेव्हाही काही नाही. ऑफिसात रोज समोर असूनही बुधवारी अण्णांनी रीत म्हणून घाटकोपरला होकाराचं कार्ड टाकलं. येत्या रविवारी संध्याकाळी काका स्वतः साखरपुड्याची तारीख धरायला येणार, असं त्यांनी आईला सांगितलं आणि जेवायला बसले. त्यांनी दोनदा आमटी मागून घेतली हे मला चांगलं आठवतं, कारण त्या आमटीचा मला भयंकर राग आला होता.

रविवार उजाडला. मी तिसऱ्यांदा सांगायचं ठरवलं आणि वेळ नीट निवडली. सकाळची सभा संपली होती, सेट बंद होता, पोरं बाहेर गेली होती, खोलीत इतकं शांत होतं की घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. रेडिओमुळे ऐकू आलं नाही, असं म्हणायला जागा नको होती. मी कडी वाजवली. जोरात वाजवली. म्हटलं, 'अण्णा, मी तिसऱ्यांदा सांगतेय. त्या घरात मला द्यायचं नाही. दिलंत तर मी जाईन, पण तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही.'

अण्णांनी पाक्षिकाचं पान उलटलं आणि म्हणाले, 'हं.'

झालं. संपलं. मी दारामागे उभी राहून रडले नाही, रडू यायला आधी आशा लागते. मी मुकाट्यानं तांदूळ निवडायला बसले. मनात एकच विचार, हा माणूस मला विकत नाहीये, मारत नाहीये, फक्त माझं ऐकून घेऊन पान उलटतोय.

दिवस रविवारच्या नियमानं पुढे सरकला. मुलांचा कार्यक्रम सकाळीच झाला होता, पाय न धुता आलेल्या एकाला बाहेर काढण्यात आलं होतं. दुपारी कामगारांचा कार्यक्रम झाला, मिलवाले दहा-बारा जण दाटीवाटीनं बसून गेले. बाजारभाव चालू असताना आईनं नेहमीप्रमाणे खोली झाडली, त्या दिवशी जरा जास्तच, पाहुणे यायचे म्हणून. मी हाका मारायचं काम यंत्रासारखं करत होते. साडेपाचला भाषण होतं. पाक्षिकात छापलं होतं: 'मधमाश्यांचा संसार', आणि खाली बारीक अक्षरात, 'राणीमाशी, कामकरी माश्या व पोळ्याची रचना'. अण्णांनी त्यापुढे तळमजल्यावरच्या मामांचा खोली नंबर लाल पेन्सिलीनं लिहिला होता.

हे मामा म्हणजे आईच्याच गावाकडचे, कुर्ल्याच्या एका मिलमध्ये साचाखात्यात होते. म्हणजे साच्यावर, मागावर, कापड विणायचं काम. पस्तीस वर्षं. गावी त्यांच्या घरामागे मधाची पोळी लागायची, म्हणून त्यांना त्या भाषणाची मोठी उत्सुकता होती. ते एकटेच वर आले. त्यांची बोलायची तऱ्हा मजेशीर होती. आवाज कमी आणि तोंड जास्त हलायचं, एकेक अक्षर ओठांनी चघळल्यासारखं. पोरं त्यांची नक्कल करायची. मीही केली आहे.

अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं, बटण फिरवलं, हिरवा डोळा उजळला. सेटच्या डोक्यावर हात ठेवून, हनुवटी मुठीवर टेकून ते भाषणाच्या चेहऱ्यानं बसले. आणि रेडिओतून बाई म्हणाल्या की काही अपरिहार्य कारणामुळे मधमाश्यांवरचं भाषण आज होऊ शकत नाही, त्याऐवजी सतारवादन ऐकावं.

सतार सुरू झाली. मला वाटलं अण्णा आता चिडतील. छापलेल्या कार्यक्रमात बदल झाला की माणूस नियमाचा असल्यामुळे चिडेलच. ते चिडले नाहीत. मूठ तशीच, हनुवटी तशीच. मधूनच त्यांनी 'बरोबर आहे' अशी मान हलवली. एकदा मामांकडे पाहून भुवया उंचावल्या, म्हणजे, ऐकलंत ना? मामांनीही मान हलवली. सतारीची गत चढत गेली, तबला आला, आणि माझे वडील मधमाश्यांचं भाषण ऐकत बसले होते.

दहा मिनिटांनी सतार थांबली. अण्णा मामांना म्हणाले, 'माणूस अभ्यासू दिसतो. राणीमाशीचं विशेष सोपं करून सांगितलं.'

मामा एक क्षणही अडखळले नाहीत. अण्णांच्या समोर तोंड करून, ओठ नीट हलवून म्हणाले, 'होय तर. बरा सांगितल्यान.' आणि उठले. दाराशी मी उभी होते. माझा चेहरा कसा झाला असेल तो त्यांनी पाहिला, आणि मला डोळ्यांनीच गॅलरीत यायला सांगितलं.

गॅलरीच्या टोकाला ते म्हणाले, 'बाय, आता तुका कळला. कोणाक सांगू नको.'

मी विचारलं, 'काय कळलं?' खरं म्हणजे कळलं होतं, पण ते दुसऱ्याच्या तोंडून यायला हवं होतं.

'तुझ्या बापाशीक आयकाक येणा नाय. दोन वर्षां झाली असतली. साचाखात्यात आमी सगळे तसलेच गो. साच्यांचो आवाज इतको की कान आपणहून अर्धे मरतत. मग आमी तोंडाकडे बघून बोलतो. माका तेची खूण पहिल्या दिवशीच पटली. समोर बसून सांगलस तर तेका सगळा समाजता. पाठ असली तर देवान सांगितल्यान तरी नाय.' मग थांबून म्हणाले, 'ऑफिसात कळला तर तेका घरी बसवतले. म्हणान मी गप आसय.'

मी विचारलं, 'मग रेडिओ?'

'हात ठेवता ना वर. चालू आसा की बंद, तेवढा हाताक समाजता. बाकीचा छापलेला आसताच.'

मामा खाली गेले. मी कठड्याला धरून उभी राहिले. मिठागरांकडून वारा येत होता, खाली कोणीतरी नळावर भांडत होतं, आणि माझ्या डोक्यात दोन वर्षं उलटी फिरत होती. भाजी कुठली, 'हं'. धाकट्याला ताप, 'हं'. मोठ्यानं लावलेला रेडिओ. रात्रभर मुरवलेल्या बातम्या. पोहे खाणाऱ्या पाहुण्यांच्या ओळीत बसलेला एक माणूस, ज्याला कोण काय बोललं ते कळलंच नव्हतं, पण चार जण हसताना दिसले म्हणून तोही हसला, जरा जास्तच मोठ्यानं, म्हणजे कोणाला संशय येऊ नये. आणि सकाळी ज्या शांततेत माझा एकेक शब्द घड्याळाच्या काट्यासारखा स्पष्ट वाजला होता, त्या शांततेत तो पाठ करून बसला होता, कारण मुलगी दारामागून बोलते तेव्हा बापानं वळून पाहायचं नसतं. ती कडी त्याला ऐकूच आली नव्हती. पाठ करून बसायचा मोठेपणासुद्धा मी त्याला फुकटच दिला होता, तो आपला पाक्षिक वाचत बसला होता आणि ते 'हं'ही त्यातल्याच कुठल्या तरी ओळीला होतं.

राग इतके दिवस जपला होता की तो गेल्यावर मला उभं राहायला आधार वाटेना. हे मी प्रामाणिकपणे सांगते. बापाची कीव यायच्या आधी मला माझ्या रागाचंच वाईट वाटलं.

सहा वाजून गेले होते. साडेसहाला पाहुणे येणार. मी आत गेले आणि कधी केलं नव्हतं ते केलं, अण्णांच्या खुर्चीसमोर जमिनीवर जाऊन बसले, तोंडासमोर तोंड. बातम्या चालू होत्या, त्यांच्या कपाळाला आठी होती. मी मामांसारखे ओठ हलवत म्हटलं, 'अण्णा, मला घाटकोपरचं स्थळ नको.'

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग डोळ्यांकडे. मुलगी असं समोर येऊन बोलली याचा राग येईल असं वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, 'आधी का नाही सांगितलंस?'

'तीनदा सांगितलं. दारामागून.'

त्यांचा सेटवरचा हात खाली आला. मग त्यांनी बटण फिरवून बातम्या मध्येच बंद केल्या. आमच्या घरात कार्यक्रम मध्येच बंद झाल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. आई तो आवाज थांबला म्हणून पदराला हात पुसत बाहेर आली. अण्णांनी तिला विचारलं, 'हिनं तीनदा सांगितलं? तुला ठाऊक होतं?' आई म्हणाली, 'तुमी आयकलास आणि गप रवलास, असां वाटला माका.' अण्णा म्हणाले, 'मला ऐकू येत नाही.' एवढंच. जिन्यावर पावलं वाजली तेव्हा आई अजून तशीच उभी होती.

घाटकोपरचे काका एकटेच आले होते, हातात पेढ्यांचा पुडा. आईनं चहा टाकायच्या निमित्तानं अण्णांना खुणेनं आत बोलावलं आणि समोर उभी राहून, ओठांनी सांगितलं, 'पत्रिका जुळना नाय म्हणान सांगा.' असल्या वेळी सगळे तेच सांगतात. कोणाचा अपमान होत नाही, कोणाचं काही जात नाही. मीही मनातून म्हणत होते, सांगा, पत्रिकेवर ढकला.

अण्णा बाहेर येऊन बसले. काकांनी चहाची बशी तोंडाला लावली आणि बशीतच बघत काहीतरी विचारलं, तारखेबद्दल असावं. अण्णा गप्प. काकांनी पुन्हा विचारलं, पुन्हा बशीतच बघत. अण्णा म्हणाले, 'जरा वर पाहून बोलता? मला ऐकू येत नाही.'

काकांना वाटलं थट्टा आहे. ते हसायला लागले.

'खरंच येत नाही. दोन वर्षं झाली. ऑफिसात तुम्ही समोरच्या टेबलावर आहात म्हणून चालून जातं.' अण्णांचा आवाज नेहमीचाच होता, कारकुनी, सपाट. 'माझ्या मुलीनं मला तीनदा सांगितलं की हे लग्न नको. मला ते ऐकू आलं नाही. मी तुम्हाला कार्ड टाकलं ती माझी चूक. तुमच्या पुतण्याची नाही, तिचीही नाही. माझा शब्द मी मागे घेतो.'

काकांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, 'अहो, पण हे साहेबांना कळलं तर...'

'तुम्ही सांगणार असाल तर सांगा,' अण्णा म्हणाले. 'मी तुम्हाला सांगू नका असं म्हणणार नाही.'

त्यांनी साहेबांना सांगितलं की नाही ते मला कधीच कळलं नाही. अण्णांना कोणी घरी बसवलं नाही एवढं खरं. पुढच्या वर्षी त्यांना टपालाच्या खोलीत हलवलं, तिथे दिवसभर पाकिटांवर शिक्के मारायचे असत आणि कोणी फारसं बोलत नसे. निवृत्तीपर्यंत ते तिथेच राहिले. ती त्यांची शिक्षा होती की त्यांच्यावर केलेली मेहेरबानी, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या काकांना मी त्या दिवशी दुष्ट ठरवून टाकलं होतं, आता तितकी खात्री वाटत नाही. पेढ्यांचा पुडा मात्र ते परत घेऊन गेले.

ते गेल्यावर आम्ही तिघंच खोलीत उरलो. अण्णांनी मला विचारलं, 'मुलगा बरा होता. तुला काय खटकलं?'

मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं. आई बोलली, काकांनी तिच्या बोलण्याची नक्कल केली, ते सगळे हसले. पुढचं सांगावं की नाही याचा मी विचार केला. मग सांगितलं. 'आणि तुम्हीही हसलात.'

अण्णांनी आईकडे पाहिलं. आई खाली बघत कपबश्या गोळा करत होती. माझ्या लक्षात आलं की हे तीसुद्धा आठवडाभर घेऊन फिरत होती. 'हसांदेत' म्हणताना ती लोकांबद्दल बोलत होती, असं मी समजले होते.

अण्णा म्हणाले, 'तू काय म्हणाली होतीस?'

आई म्हणाली, 'जावंदे आता.' पण ते खाली मान घालून म्हणाली, म्हणून ते अण्णांपर्यंत गेलंच नाही. त्यांनी हात पुढे करून तिच्या हातातली कपबशी काढून घेतली, खाली ठेवली आणि पुन्हा विचारलं, 'सांग. मला बघू दे.'

मीही आईकडे बघत होते. कारण त्या क्षणी मला कळलं, ती काय म्हणाली होती ते मलाही ठाऊक नव्हतं. माझे दोन्ही कान शाबूत. मी शेजारीच बसले होते. मला नक्कल आठवत होती, हसणं आठवत होतं, माझा अपमान आठवत होता. आईचं वाक्य मी ऐकलंच नव्हतं.

आईनं मान वर केली आणि अण्णांना दिसेल असं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, 'मी म्हटलंय, चेडू गेलां काय माका ह्यां घर खावक उठतलां.'

अण्णांनी मालवणी मुंबईत पाऊल ठेवल्या दिवशीच टाकली होती, असं आई सांगायची. आम्ही भावंडांनी त्यांच्या तोंडून ती एकदाही ऐकली नव्हती. त्यांनी तिचं वाक्य शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाले, 'माका पण.'